पाणी मागितलं, नळी दाखवली

आज सकाळपासून डोकं तापलंय. उन्हाने नव्हे.

साडेसातला कचरागाडी आली. गाडीबरोबरची बाई, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, समोरच्या फाटकाशी थांबून म्हणाली, "आंटी, थोडा पानी मिलेगा?" काकूंनी बागेतल्या नळीकडे बोट केलं. "वहाँ से पी लो." झाडांना पाणी घालायची नळी, अर्धी चिखलात. ती बाई ओंजळीने प्यायली, तोंड पुसलं आणि पुढच्या दारचा ओला-सुका तपासायला गेली.

काकू आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या. दर रविवारी दुसऱ्या बाकावर.

आणि मी? मी वर गॅलरीत चहा पीत उभी. तांब्या घेऊन खाली जाईपर्यंत गाडी पुढे गेलेली असेल, असं स्वतःला सांगितलं. गाडी चांगली पाच मिनिटं तिथेच होती.

संध्याकाळी घरगुती प्रार्थना झाली. काकूंनी साक्ष दिली, मुलाचा व्हिसा प्रभूने कसा करून दिला त्याची. सगळे "आमेन" म्हणाले, मीही म्हटलं. चहाच्या वेळी हळूच विषय काढला, तर काकू हसून म्हणाल्या, "अगं, तारण कृपेने आहे, कर्माने नाही. पेलाभर पाण्याने कोणी स्वर्गात जात नसतं."

पेलाभर पाणी! काकू, हे शब्द कोणाचे आहेत ते तरी आठवा. बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय 10, अगदी शेवटचं वचन: या लहानांतल्या एकाला जो पेलाभर गार पाणी पाजेल, तो आपल्या प्रतिफळाला मुकणार नाही, असं येशू म्हणतो. ते शिष्यांबद्दल आहे, म्हणाल. असेल. पण 25 व्या अध्यायात काय कराल? भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला: यांच्यासाठी केलंत ते माझ्यासाठी केलंत, असं तिथे प्रभू म्हणतो. आपण इंदूरकर कचरा सहा डब्यांत वेगळा करायला शिकलो, देशात पहिला नंबर आणला, आणि प्रभूने सांगितलेली ही सहा माणसं मात्र अजून एकाच डब्यात टाकतो.

कृपेने तारण, हे मान्य. प्रेषित पौलानेच लिहिलंय, मी कोण नाही म्हणणारी? पण त्याच्या इफिसकरांसच्या पत्रातल्या दुसऱ्या अध्यायाचं 8 वं, 9 वं वचन तोंडपाठ असणारे लोक 10 व्याला नेमकं पान का उलटतात? सत्कृत्यांसाठी आपल्याला घडवलंय, असं तिथेच तर आहे.

मला हे इतकं का झोंबतं, तेही सांगते. नाताळच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट, बरीच वर्षं झाली. मी करंज्या तळत होते. इंदूरची थंडी तुम्हाला माहीत आहेच. फाटकाशी एक म्हातारा आला, "बेटी, कुछ ओढ़ने को मिलेगा?" तेल तापलेलं. मी खिडकीतूनच ओरडले, "कल आना बाबा." घाणा उतरवला, मग मन खायला लागलं. कपाटातून ब्लँकेट काढून बाहेर आले तर रस्ता रिकामा. स्कूटर काढून पलासियापर्यंत जाऊन आले. कुठेच नव्हता.

त्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. माझं काय झालं ते माहीत आहे. पुढच्या वेळी "कल आना" म्हणणं जरा सोपं गेलं. त्याच्या पुढच्या वेळी आणखी सोपं. नंतर नंतर तर फाटक वाजलेलं ऐकूच येईना. मी बहिरी नव्हते, प्रार्थनेची वेळ झाली की घंटा बरोबर ऐकू यायची.

लूकच्या शुभवर्तमानात, 16 व्या अध्यायात, येशूने सांगितलेल्या दाखल्यातला श्रीमंत माणूस आठवा. त्याने दारातल्या भिकाऱ्याला, लाजराला, मारलं नाही, हाकललं नाही, शिवीसुद्धा दिली नाही. लाजर दारात पडलेला होता आणि हा रोज जेवत होता, एवढंच. येशूच्या सगळ्या दाखल्यांत नाव मिळालं ते त्या भिकाऱ्याला. श्रीमंताला नाव नाही. आणि मरून ज्वालेत पडल्यावरही हा काय म्हणतो? लाजराला पाठवा, बोटाचं टोक पाण्यात बुडवून आणू दे. तिथेही त्याला लाजर कामालाच हवा! त्या दोघांमधली ती मोठी दरी मेल्यावर पडली असं आपण समजतो. मला वाटतं, ती त्याच्याच उंबऱ्यापाशी रोज थोडी थोडी खणली जात होती. माझी मी करंज्यांच्या झाऱ्याने खणत होते.

(आमचे हे म्हणतात, फेसबुकवर प्रवचन नको. मग पाळकसाहेबांनी द्यावं. ते सध्या पार्किंगच्या वर्गणीवर देतात.)

4 नोव्हेंबर 2017 ला राणी मारिया सिस्टरना, एका कॅथलिक जोगिणीला, त्यांच्या चर्चने धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, इथेच, इंदूरमध्ये. आम्ही प्रोटेस्टंट, तरी मैत्रिणीबरोबर गेले होते. 1995 मध्ये इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांचा खून झाला. उदयनगरच्या आदिवासींना सावकारांच्या तावडीतून सोडवू पाहत होत्या, हाच गुन्हा. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉलनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. सिस्टरांच्या आईने त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. त्या दिवशी मंडपात रडले मी. आणि घरी येऊन फाटकाला कडी लावली, नेहमीसारखी.

आता राग जरा उतरलाय. खरं सांगायचं तर आई आजारी होती तेव्हा याच काकूंनी अकरा दिवस पेज आणून दिली होती, रात्री उशाशीही बसल्या. तेही लिहायला हवं, नाहीतर मीच खोटी पडेन. पण काकू, तीच पेज देणारे हात आज नळीकडे का वळले? आई आपल्यातली होती म्हणून? मला तुमच्याशी भांडायचंय यावर. उद्या या चहाला. साडेसातच्या आधी या.

ते ब्लँकेट मी कधी वापरलं नाही. त्यानंतर दुसरी दिली लोकांना, हे नाही. आत्ता माळ्यावरून काढून खुर्चीवर ठेवलंय. डांबरगोळ्यांचा वास सगळ्या खोलीत भरलाय, आणि मे महिन्यात हे द्यायचं तरी कोणाला?