लेन्सवरून भांडताय, वयाचं कुणी विचारलं नाही

बीडच्या आमच्या ग्रुपवर दोन दिवस एकच वाद पेटलाय. एका पोराला जन्मापासून एका डोळ्यात मोतीबिंदू. ऑपरेशन चौथ्या वर्षी झालं, आता पोरगं पाच वर्षांचं आहे, तरी त्या डोळ्याला दिसत नाही. निम्मे म्हणतात लेन्स देशी, हलकी होती. निम्मे म्हणतात पुण्याला न्यायचं होतं. चौथ्या वर्षापर्यंत थांबले कशाला, हे एकानेही विचारलं नाही.

आजोबांचा मोतीबिंदू थोडा थांबला तरी चालतं, तो हिशेब बाळाला लागू होत नाही. आजोबांचा मेंदू बघायला कधीच शिकलेला असतो, बाळाचा अजून शिकतोय. दाट मोतीबिंदू एका डोळ्यात असेल तर सहा आठवड्यांच्या आसपास निघाला पाहिजे, दोन्हींत असेल तर आठच्या आत. चार आठवड्यांच्या आधी केलं तर काचबिंदूचा (डोळ्याचा दाब वाढून नस खराब होण्याचा) धोका वाढतो, म्हणून तेवढी घाईही नको. चौथ्या वर्षापर्यंत मेंदूनं तो डोळा बहुतेक सोडून दिलेला असतो. मग लेन्स कुठलीही बसवा.

अमेरिकेत एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या ११४ बाळांवर अभ्यास झाला. निम्म्यांना आत लेन्स बसवली, निम्म्यांना वरून कॉन्टॅक्ट लेन्स. साडेदहा वर्षांनी दोन्ही गटांची नजर सारखीच, उलट आत लेन्स बसवलेल्यांना पुन्हा ऑपरेशनं जास्त लागली. ६/१२ (चांगल्या डोळ्याला बारा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून बरी नजर जेमतेम पाव मुलांना मिळाली. काचबिंदू किंवा त्याचा संशय दहातल्या चौघांना. तेही इतक्या देखरेखीत.

ऑपरेशननंतरची खरी मेहनत पट्टीची. चांगला डोळा झाकायचा, म्हणजे मेंदू दुसरा वापरायला शिकतो: त्या अभ्यासात वयाच्या दर महिन्यामागे रोज एक तास, आठ महिन्यांनंतर जागेपणीचा निम्मा वेळ. चष्म्यावर कापड लावून भागत नाही, पोरगं कडेनं बघतं. पट्टी कातडीलाच चिकटली पाहिजे. घामानं ती सुटते, खाली पुरळ येतं, आई दोन दिवस सोडते आणि दोनाचे वीस होतात.

इकडे इंग्लंडात ७२ तासांच्या आत आणि पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) बाळाचे डोळे बघतात, रेड बुकात, म्हणजे बाळाच्या आरोग्याच्या वहीत, नोंद होते. हे सांगताना माझा आवाज चढतो, मला कळतं. पण ‘आपल्याकडे काहीच नाही’ म्हणणाऱ्यांचा जास्त राग येतो. नवजात बाळासाठीच्या आशाताईच्या घरभेटींतली शेवटची ४२ व्या दिवशी असते. बरोबर सहा आठवडे! बाहुलीत पांढरं दिसतंय का, बाळ चेहऱ्याकडे बघतं का, एवढं प्रत्येक भेटीत पाहिलं तरी दाट मोतीबिंदू सहसा सुटायचा नाही.

अडतं त्याच्या पुढं. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा कोयता निघतो, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली आई टोळीबरोबर कारखान्यावर जाते, तपासणीची तारीख मात्र बीडची. तिथल्या कोपीत (झोपडीत) पट्टीचे तास कोण मोजणार? इथं इंग्लंडात अपॉइंटमेंट चुकली की घरी लेटर जातं. माझ्याच तालुक्यातल्या बाईला कुणी विचारत नाही, आणि मी इकडे दुसऱ्यांच्या लेकरांचे पट्टीचे तास मोजत बसलेय. ऑपरेशनची तारीख, चष्म्याचा नंबर, पट्टीचे तास आणि डोळ्याच्या दाबाची पुढची तपासणी, एवढं लिहिलेलं कार्ड आईच्या हातात द्या. कारखान्याजवळच्या डॉक्टरला तेवढं पुरतं.

आणि त्या पोराचं: पाचव्या वर्षीही पट्टीनं थोडंफार मिळू शकतं, डॉक्टरांना विचारून सुरू करा. ऑपरेशन झालेल्या डोळ्याचा दाब जन्मभर तपासायचा. चांगल्या डोळ्याला विटीदांडू खेळतानासुद्धा सहज न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटचा चष्मा हवाच.