'डोया' लिहिणारे मूल चुकते का?

गेल्या आठवड्यात पहिलीच्या वर्गात फळ्यावर डोळ्याचे चित्र काढून मुलांना पाटीवर शब्द लिहायला सांगितला, तर निम्म्याहून अधिक पाट्यांवर 'डोया' आला. नोकरीच्या सुरुवातीला मी अशा शब्दावर फुली मारून खाली 'डोळा' दहा वेळा गिरवायला लावत असे. आज त्याची लाज वाटते.

आपल्या खान्देशी बोलीत, अहिराणीत, 'ळ'च्या जागी बहुधा 'य' येतो. घरात काया, फय, जवय आणि जळगावसुद्धा जयगाव. त्यात 'ळ'ने मराठी शब्द सुरू होत नसल्यामुळे अंकलिपीतही या बिचाऱ्याला 'बाळ'च्या शेवटी जागा मिळते. तेव्हा 'डोया' लिहिणाऱ्या मुलाने शब्दातले ध्वनी सुटे केले, प्रत्येकासाठी अक्षर शोधले, 'ड'ला काना आणि मात्रा दिली. लिहायला शिकण्यातला सर्वांत अवघड भाग त्याने पार पाडलेला असतो आणि अडतो तो केवळ कानाला अनोळखी असलेल्या एका ध्वनीपाशी. उलट 'डोळा' बघून उतरवणारे मूल अक्षर सुरेख काढते, पण न पाहिलेला शब्द सांगितला की पेन्सिल चावत बसते.

म्हणून आता मी आधी कान तयार करतो. काया-काळा, फय-फळ अशा जोड्या मोठ्याने म्हणवून घेतो आणि दोन्ही शब्द फळ्यावर शेजारीशेजारी लिहितो. काहींना महिना लागतो, काहींना वर्ष.

दुसरे काम मुलाचे बोलणे लिहून घेण्याचे. एका मुलीने सांगितले, "मनी माय कापूस येचाले गई." (माझी आई कापूस वेचायला गेली.) मी ते तसेच फळ्यावर लिहिले. जेमतेम चार अक्षरे ओळखणाऱ्या त्या मुलीने शब्दाशब्दाखाली बोट ठेवत वाक्य वाचले आणि 'पू'पाशी थांबून विचारले, "हाई शेपटी कसानी शे?" (ही शेपटी कशाची आहे?) दीर्घ उकार शिकवायला याहून चांगली वेळ मला कधी मिळाली नव्हती. निरक्षर बहिणाबाईंच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी लिहून ठेवल्या, म्हणून 1952 साली पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत आल्या, हे खान्देशात तरी वेगळे सांगायला नको.

मुलांच्या पायाभूत वाचन-लेखन आणि गणितासाठी केंद्र सरकारचे 'निपुण भारत' अभियान 2021 मध्ये सुरू झाले आणि त्यात समजून वाचण्यासाठी तिसरीपर्यंतची मुदत धरली आहे. तरीही चार वर्षांच्या मुलाकडून चौरेघी वही भरून घेणारे पालक भेटतात. त्या वयाची बोटे मातीत, पिठाच्या गोळ्यात आणि शेंगा सोलण्यात अधिक तयार होतात.

घरी काही करायचेच असेल, तर किराण्याची यादी मुलाला लिहू द्यावी आणि दुकानात त्याच्याकडूनच वाचून घ्यावी. त्याने 'दाय' लिहिले, तरी दुकानदार डाळच देतो.