‘250 ग्रॅमच्या आतला ड्रोन, त्यात शिकायचं काय?’

लग्नसराई जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हटकून फिरतो: “250 ग्रॅमच्या आतला ड्रोन घ्या. परवानगीची भानगड नाही, शिकायची गरज नाही. सेन्सर असल्यामुळे आपटत नाही, बटण दाबलं की घरी परत येतो, अर्धा तास आरामात उडतो.” यातलं एकही वाक्य धड पूर्ण खरं नाही.

“परवानगीची भानगड नाही.” ड्रोन नियम 2021 प्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात येतो आणि त्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, इथवर खरं. झोनची (कुठे, किती उंच उडवता येईल हे ठरवणाऱ्या विभागांची) बंधनं मात्र नॅनोलाही आहेत. लाल आणि पिवळ्या झोनमध्ये आधी परवानगी घ्यावीच लागते. हिरव्या झोनमध्ये कमाल उंची 400 फूट. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ती 200 फुटांवर येते, आणि 8 किलोमीटरच्या आत हिरवा झोन नसतोच. सांताक्रूझ किंवा लोहगावपासून नकाशावर 8 किलोमीटर मोजून बघा: वांद्रे, अंधेरी, खराडी, कोरेगाव पार्क, सगळं आत येतं. शिवाय मुंबईत पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश वेगळे निघत असतात.

वजनाचीही मेख आहे. डीजेआय मिनी 4 प्रो मूळ बॅटरीसह 249 ग्रॅमच्या आत बसतो. जास्त वेळ चालणारी ‘प्लस’ बॅटरी लावली की तो 250 ओलांडून मायक्रो गटात जातो. त्या गटात पैसे घेऊन लग्नाचं शूटिंग करायचं तर प्रमाणपत्र हवं.

“शिकायची गरज नाही.” ड्रोन हवेत आपोआप स्थिर राहतो, म्हणून हा समज होतो. नाक तुमच्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि नवशिक्याचा ड्रोन बहुधा तिथेच झाडात जातो. मोकळं मैदान, सकाळची शांत हवा, उंची तीन मीटर. आधी शेपूट स्वतःकडे ठेवून चौकोन काढा, मग नाक स्वतःकडे ठेवून तोच चौकोन, मग इंग्रजी आठचा आकडा. गडबडलात तर रिमोटच्या दोन्ही स्टिक सोडून द्या. जीपीएस चांगलं असेल तर ड्रोन जागीच थांबतो. पंखे बदलताना खुणा जुळवा: खूण असलेला पंखा खूण असलेल्या दांड्यावरच. अदलाबदल झाली तर ड्रोन उडायच्या आधीच पालथा होतो.

“सेन्सर असल्यामुळे आपटत नाही.” सेन्सर कुठल्या दिशेला आहेत ते आधी बघा. मिनी 3 ला ते फक्त खालच्या बाजूला आहेत, पुढची भिंत त्याला दिसतच नाही. चहूबाजूंनी सेन्सर असलेल्या मॉडेललाही बारीक फांद्या, विजेच्या तारा, काच आणि अंधार यांपुढे भरवसा नाही, आणि स्पोर्ट मोड (जास्त वेगाने उडण्याचा) लावला की अडथळे टाळणं बंद होतं. संक्रांतीचा मांजा तर माणसालाही दिसत नाही. पाण्यावरून जाताना दोन-तीन मीटरपेक्षा खाली येऊ नका, हलत्या पाण्यावर खालचे सेन्सर फसतात. घार मागे लागली तर खाली पळू नका, सरळ वर चढा. झडप घालणारा पक्षी तितक्या वेगाने उभा वर चढू शकत नाही.

“बटण दाबलं की घरी परत येतो.” सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. ‘घर’ म्हणजे होम पॉइंट, आणि तो जीपीएस पक्कं झाल्यावरच नोंदला जातो. घाईत उड्डाण केलं तर भलतीच जागा नोंदली जाऊ शकते. परतीची उंची तुम्ही ठरवायची असते, आणि ती उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते, खालच्या जमिनीपासून नाही. गडाच्या पायथ्यापासून उडवला, परतीची उंची 60 मीटर ठेवली आणि ड्रोन 150 मीटर उंच डोंगरापलीकडे गेला, तर परतताना तो कड्यावर आदळू शकतो. झाडाखाली बटण दाबलं तर तो आधी वर चढतो, थेट फांद्यांत.

स्लॅबवरून उड्डाण टाळा. त्यातल्या लोखंडी सळ्यांनी कंपास बिघडतो आणि ड्रोन गोल गोल भरकटतो. कंपासचं कॅलिब्रेशनही (दिशा जुळवून घेणं) तिथे करू नका.

मग वारा. कोकणात पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. जाताना ड्रोन झोकात जातो, येताना समोरून वारा. ड्रोनचा वेग सेकंदाला 10 मीटर आणि वारा 6 मीटर असेल, तर परतीला उरतात फक्त 4. एरवी 100 सेकंदांत कापलं जाणारं एक किलोमीटर अंतर 250 सेकंद खातं. अशा वेळी आपोआप परत येणं रद्द करा, उंची कमी करा (खाली वारा कमी असतो), स्पोर्ट मोडवर हाताने आणा. दुपारी खारे वारे सुटले की गणित उलटं: जाताना त्रास, येताना सोय.

“अर्धा तास आरामात.” खोक्यावरची मिनिटं वारा नसताना, ठरावीक वेगाने, बॅटरी शून्यावर येईपर्यंतची असतात. 31 मिनिटं लिहिलेल्या ड्रोनमधून 20-22 मिनिटं मिळाली तर ठीक समजा. बॅटरी 50 टक्के झाली की परत फिरा, 30 टक्क्यांना ड्रोन जमिनीवर हवा. वारा परतीला समोरून असेल तर 60 टक्क्यांनाच फिरा.