बादलीभर पाण्याचा हिशेब

‘लघुउद्योजकाला जगू द्या’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या कारखानदारांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: छोट्या कारखान्याच्या बादलीभर पाण्यानं नदीला काही होत नाही, घाण पालिका करते. सांडपाणी शुद्ध करणं छोट्याला परवडत नाही आणि नीतिमत्ता परवडेल त्यानंच पाळायची असते. मोठ्या कंपन्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, नफ्याचे दोन टक्के देतात, म्हणजे त्यांची जबाबदारी फिटली. प्रदूषण मंडळ म्हणजे हप्तेवसुली. आणि शेवटी, सगळे प्रगत देश आधी घाण करूनच श्रीमंत झाले.

असले मेसेज मी एरवी वाचून सोडून देते. पण हा माझ्या मामेभावानं घरच्या ग्रुपवर टाकला. दादाचं पुण्याजवळ भोसरीत स्वतःचं प्लेटिंगचं, म्हणजे पार्टवर धातूचा चकचकीत थर चढवण्याचं, युनिट आहे. त्या मेसेजखाली कॉमर्सला असलेल्या भाचीनं लगेच ‘शंभर टक्के खरं’ असं लिहिलं. छोट्या कारखान्यांच्या सांडपाण्याचे नमुने तपासणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे गप्प बसवेना.

पालिकेचा मुद्दा निम्मा खरा आहे, तो आधी मान्य करून टाकते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं आणि प्रक्रिया होते जेमतेम २०,२३६ दशलक्ष लिटरवर. बाकीचं जसंच्या तसं नदीत. आळंदीत इंद्रायणीवर फेस तरंगताना दिसतो, त्यात या पाण्याचा वाटा मोठा आहे. पालिकांना याचा जाब विचारलाच पाहिजे. पण मैलापाणी आणि प्लेटिंगच्या पाण्यातलं क्रोमियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मैल्यातले सेंद्रिय पदार्थ जिवाणू खातात, वाहत्या पाण्यात ते हळूहळू कमी होतात. क्रोमियम धातू आहे. तो कुठेही जात नाही, गाळात नाहीतर भूजलात उतरतो.

आता ती बादली. क्रोम प्लेटिंगच्या टाकीत लिटरमागे साधारण २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड असतं. त्यातलं निव्वळ क्रोमियम १३० ग्रॅम, आणि तेही हेक्झाव्हॅलंट, म्हणजे त्याचं सगळ्यात घातक रूप. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची मर्यादा आहे लिटरला ०.१ मिलिग्रॅम. भागाकार करून बघा. टाकीतलं एक लिटर पाणी नुसतं पातळ करून त्या मर्यादेत आणायचं म्हटलं, तर १३ लाख लिटर स्वच्छ पाणी लागेल. दहा हजार लिटरचे १३० टँकर, एका लिटरसाठी. पंधरा लिटरच्या बादलीला जवळजवळ दोन कोटी लिटर.

‘टाकी कोण ओततंय गं?’ असं दादा म्हणणार, मला माहीत आहे. टाकी कुणी ओतत नाही. पण पार्ट अडकवलेला जिग (चौकट) वर उचलला की प्रत्येक पार्टला चिकटून टाकीतलं पाणी बाहेर येतं, ते पुढच्या धुण्याच्या टाकीत उतरतं आणि तिथून गटारात. धुण्याचं पाणी डोळ्यांना पिवळं दिसलं की समजायचं, मर्यादा कधीच ओलांडली गेलीय. नमुन्याची बाटली उजेडात धरली तरी कळतं, त्याला मशीन लागत नाही. आणि नदीच्या आधी हे विष कुणाला लागतं? टाकीवर उभ्या असलेल्या कामगाराला. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेलं आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला पहिल्या गटात टाकलंय. टाकीच्या वाफाऱ्यानं कामगारांच्या नाकातल्या पडद्याला भोक पडणं हा या धंद्यातला जुना, ओळखीचा आजार आहे. त्या मेसेजमध्ये कामगार हा शब्द एकदाही आलेला नाही.

‘परवडत नाही’ या मुद्द्यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २२ सप्टेंबर १९८७ रोजीच उत्तर दिलंय. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर कानपूरच्या जाजमऊमधल्या चामडं कमावणाऱ्या कारखान्यांचं प्रकरण चाललं होतं. त्यातले बरेचसे छोटेच होते, आणि युक्तिवादही हाच होता की आमची ऐपत नाही. न्यायालयानं सांगितलं, प्राथमिक शुद्धीकरण बसवायला लावताना कारखान्याची आर्थिक ऐपत बघायचीच नाही. जो कारखाना कामगारांना किमान वेतन देऊ शकत नाही त्याला चालू राहण्याचा हक्क नाही, तसाच जो शुद्धीकरण करू शकत नाही त्यालाही नाही. ‘वीज परवडत नाही, म्हणून शेजाऱ्याच्या मीटरवरून घेतो’ असं कुणी म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का? इथे शेजाऱ्याची विहीर आहे, एवढाच फरक.

आणि खरंच किती अवघड आहे ते? दोन प्लास्टिकच्या टाक्या, ढवळणी, पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा पीएच मीटर. पाणी ॲसिडनं दोन-तीन पीएचवर आणायचं, सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं. पिवळं पाणी डोळ्यांदेखत हिरवं होतं, म्हणजे हेक्झाव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट, म्हणजे बरंच कमी घातक रूप, झालं. मग चुना टाकून पीएच साडेआठच्या आसपास न्यायचा, हिरवा गाळ खाली बसतो. तो गाळ घातक कचरा आहे, रांजणगावच्या केंद्रात पाठवायचा, मागच्या प्लॉटवर टाकायचा नाही. त्याआधी फुकटात होणारी गोष्ट म्हणजे जिग टाकीवरच थोडा वेळ निथळू देणं. तेवढ्यानं महागडं केमिकलही वाचतं. खर्च आहे, रोजची कटकट आहे. पण अशक्य नाही.

सीएसआरचा मुद्दा म्हणजे शुद्ध गैरसमज. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. सांडपाणी शुद्ध करणं यात मोडतच नाही, ते १९७४ च्या जल कायद्याचं बंधन आहे. झाडं लावून ते फिटत नाही. आणि मोठी कंपनी म्हणजे जबाबदार, हे भोपाळनंतर तरी कुणी म्हणू नये. १९८४ च्या त्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातली टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि सुटलेला वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर दुरुस्तीसाठी जोडणी काढून बंद ठेवलेला होता.

मोठ्यांचा खरा दुटप्पीपणा मेसेज लिहिणाऱ्याला दिसलाच नाही, आणि इथे मी दादाच्या बाजूची आहे. प्लेटिंगसारखी घाण कामं जॉबवर्कवर बाहेर द्यायची, नगामागे पैशापैशानं दर पाडायचा आणि आपल्या गेटमधून स्वच्छ पाणी जातं असं अहवालात छापायचं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं आघाडीच्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. पुरवठादारांची माहिती मात्र ऐच्छिकच ठेवली. मग भोसरीतलं क्रोमियम कुणाच्याच खात्यावर दिसत नाही.

हप्त्यांबद्दल एवढंच: अधिकारी पैसे मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे. अधिकारी लाच खातो म्हणून क्रोमियम पिण्याजोगं होत नाही.

आणि ‘आधी श्रीमंती, मग सफाई’वाल्यांनी जपानचं मिनामाता बघावं. चिस्सो कंपनी १९३२ ते १९६८ समुद्रात पारा सोडत राहिली. आजाराची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली, त्यानंतरही बारा वर्षं पारा जातच होता. आईच्या पोटातच पाऱ्यानं अधू झालेली मुलं तिथे जन्माला आली. ती कुठल्या श्रीमंतीनं बरी झाली?

दादा, तुला एकच सुचवते. पुढच्या कोटेशनमध्ये शुद्धीकरणाचा आणि गाळ पाठवण्याचा खर्च वेगळ्या ओळीत दाखव. तुझ्या लेनमधल्या सगळ्या प्लेटिंगवाल्यांना तसंच करायला सांग, म्हणजे कंपनीला ती ओळ खोडून एकाचं काम दुसऱ्याला देता येणार नाही. संघटनेच्या बैठकीत मेसेज वाचण्याऐवजी हा विषय घे. आकडे मांडायला मी येते.