खुर्ची, गादी आणि फुलपाखरू

बागेत ठेवायला खुर्ची घेतली तेव्हा माझा हेतू अगदी निरुपद्रवी होता. उन्हाळ्याच्या संध्याकाळी तिच्यात रेलून बसायचं, एका हातात चहा, दुसऱ्या हातात पुस्तक, आणि आपण लावलेल्या चार झाडांकडे मोठ्या बागायतदाराच्या नजरेनं बघत राहायचं. खुर्ची वेताची होती. नुसत्या वेतावर टेकलं की पाठीवर चटई उमटते असं बायकोचं म्हणणं पडलं, म्हणून वर फुलाफुलांची जाड गादी आली. "झाडांना नाही आली फुलं, तर निदान गादीवर तरी असतील," हेही तीच म्हणाली. तेव्हा मी हसलो होतो.

उन्हाळ्याच्या पहिल्या पंधरवड्याचा ताळेबंद असा: गादी बाहेर नेली २१ वेळा. आत आणली २१ वेळा, पैकी ९ वेळा निथळत. खुर्चीत बसलो एकदा. तेसुद्धा गादी वाळली की नाही ते कळावं म्हणून. वाळली नव्हती.

या वर्षीच्या उन्हाळ्याला उन्हाळा म्हणायचं ते केवळ कॅलेंडरचा मान राखायला. सकाळी आभाळ इतकं निळं की डोळे दुखावेत. अकराला अंगाची लाही लाही. तीनला वारा सुटतो आणि कुंड्या झिंगल्यासारख्या लवंडतात. साडेचारला मळभ, पाचला चार टपोरे थेंब, सव्वापाचला पुन्हा लख्ख ऊन, आणि रात्री मी कपाटात जाड पांघरूण शोधत असतो. सगळे ऋतू एका दिवसात उरकून उद्या सुट्टी घ्यायची, असं काहीतरी वर ठरत असावं. ती सुट्टी मात्र अजून कुणी घेतलेली नाही.

"आमच्या वेळी असं नव्हतं हो," शेजारचे काका कुंपणापलीकडून म्हणाले. काका निवृत्त आहेत आणि त्यांची बाग माझ्या बागेपेक्षा बरी आहे. या दोन्ही गोष्टी ते मला विसरू देत नाहीत.

"काका, १८१६ साली तर उन्हाळाच आला नव्हता," माझी मुलगी म्हणाली. तिला अशा गोष्टी ठाऊक असतात आणि नको त्या वेळी आठवतात. "आदल्या वर्षी इंडोनेशियात टांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याच्या वायूंमुळे सूर्यप्रकाश अडला. अमेरिकेच्या ईशान्य भागात जून महिन्यात बर्फ पडला, युरोपात पिकं बुडाली."

काकांनी क्षणभर विचार केला. "मी त्याच्यानंतरचं म्हणतोय."

हवामानाचे तीन अंदाज आम्हांला घरबसल्या मिळतात. पहिला मुलीच्या फोनवर, दुसरा काकांच्या उजव्या गुडघ्यात आणि तिसरा माझा स्वतःचा, की गादी बाहेर ठेवली म्हणजे पाऊस येतो. फोन म्हणतो, पावसाची शक्यता ३० टक्के. मी बरेच दिवस समजत होतो की पाऊस यायचा तर आहे, पण त्याचं मन अजून पुरतं झालेलं नाही.

"तसं नाही बाबा. आजच्यासारखे दहा दिवस घेतले, तर त्यातल्या साधारण तीन दिवशी इथे पाऊस पडेल."

"मग आजचा दिवस त्या तिनातला की सातातला?"

"तेच तर ते सांगू शकत नाहीत. म्हणून ३० टक्के."

काकांना हे पटलं नाही. गुडघ्याला टक्केवारी कळत नाही, तो ठणकतो किंवा ठणकत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी गुडघा शांत होता. पाऊस पडला, आणि तो बागेच्या बरोबर ३० टक्के भागात पडला. त्या भागात खुर्ची होती.

हवामानाचा अंदाज इतका का हुकतो याचा छडा लावायचाच म्हणून मी एका रात्री वाचत बसलो (गादी स्वयंपाकघरात पंख्याखाली वाळत होती) आणि एडवर्ड लॉरेन्झ नावाच्या शास्त्रज्ञापाशी येऊन थांबलो. १९६१ साली हे गृहस्थ संगणकावर एक बेतलेलं हवामान चालवून पाहत होते. आधीचाच एक भाग पुन्हा तपासायचा म्हणून त्यांनी छापील कागदावरचा आकडा यंत्रात भरला, ०.५०६. यंत्राच्या पोटात तोच आकडा ०.५०६१२७ असा होता. कागदावर जागा वाचवायला शेपूट छाटलेलं. आकडा भरून लॉरेन्झ कॉफी प्यायला गेले. तासाभरानं परतले तोवर यंत्रानं दोन महिन्यांचं हवामान उरकलं होतं, आणि ते पहिल्या खेपेच्या हवामानाशी ओळखसुद्धा दाखवत नव्हतं. एवढ्याशा शेपटीनं सगळं बदललं.

मला या कथेतलं गणित फारसं कळलं नाही. कॉफी मात्र तंतोतंत कळली. माणूस कप आणायला आत गेला की हवामान बदलतं, हे मी कुठल्याही यंत्राशिवाय सिद्ध केलेलं आहे.

पुढे १९७२ साली याच लॉरेन्झनी एक व्याख्यान दिलं. ब्राझीलमध्ये एका फुलपाखरानं पंख हलवले तर त्यानं टेक्सासमध्ये टॉर्नेडोचं वादळ उठेल का, असं त्याचं शीर्षक. शीर्षक त्यांनी स्वतः दिलेलं नव्हतं, वेळेत न कळवल्यामुळे सत्राच्या आयोजकानं परस्पर ठेवलं. त्याआधी लॉरेन्झ हाच मुद्दा सांगताना समुद्रपक्ष्याचे पंख वापरत असत. पण बदनाम व्हायचं ते फुलपाखरूच झालं, आणि माझ्या मते योग्यच झालं.

कारण फुलपाखरांशी माझं जुनं भांडण आहे. कुंडीतल्या लिंबावर दर उन्हाळ्यात एक काळं-पिवळं फुलपाखरू येतं, मोठ्या नजाकतीनं कोवळ्या पानांवर अंडी घालतं आणि निघून जातं. अळ्या लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, त्यामुळे मी त्यांच्याकडे सभ्यपणे दुर्लक्ष करतो. आठवड्याभरानं लिंबाच्या नुसत्या काड्या उरतात. आता कळलं की पानं खाऊन झाल्यावर ही मंडळी पंख फुटताच हवामानही बिघडवतात. या मुद्द्यावर लॉरेन्झ इतके ठाम नव्हते, पण त्यांच्या कुंडीत लिंबू असल्याचं कुठे वाचनात आलं नाही.

मुख्य छळ दुपारचा. बरोबर एक वाजता माझी झाडं मरतात. काकडीचा वेल अंग टाकून देतो, मोगरा मान लववतो, भोपळ्याची पानं बंद छत्रीसारखी दांड्याला लोंबतात. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी अनवाणीच झारी घेऊन धावलो. फरशी तापलेली. त्यामुळे धावण्याला एक विशिष्ट लय आली, जी काकूंनी गच्चीवरून बघितली आणि नंतर काकांना करूनही दाखवली.

"अहो, थांबा, थांबा!" काका ओरडले. "नाटक करतायत ती. संध्याकाळी बघा."

संध्याकाळी सगळी ताठ उभी. जणू काही घडलंच नव्हतं. भर उन्हात मुळं पाणी ओढतात त्यापेक्षा पानांतून ते जास्त वेगानं उडून जातं, म्हणून माती ओली असली तरी झाड मलूल होतं. ऊन उतरलं की हिशोब जुळतो. अशा वेळी घाबरून पाणी ओतत राहिलं तर मुळं गुदमरून कुजतात, आणि नाटकाचा खराखुरा शोकान्त होतो. मातीत दोन पेरं बोट खुपसावं. ओल लागली तर गप्प बसावं. एवढा साधा उपाय. पण डोळ्यांदेखत कुणी मूर्च्छित पडलेलं असताना बोट खुपसून गप्प बसायला जे काळीज लागतं ते माझ्यापाशी नाही. आमच्या नात्यात एक गृहस्थ कामाची वेळ आली की असेच कोमेजतात आणि ताटं मांडली की ताठ होतात. त्यांनाही मी वर्षानुवर्षं पाणी घालत आलो आहे.

"शिवाय दुपारी पानांवर थेंब पडले की त्यांची भिंगं होतात," काकांनी ज्ञानात भर घातली. "पानं जळतात."

इथे मात्र मी त्यांना पकडलं. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० साली हेच तपासून पाहिलं होतं. गुळगुळीत पानांवरच्या थेंबांनी पान जळत नाही. लव असलेल्या पानांवर थेंब केसांवर उचलून धरले जातात, तिथे जळू शकतं. हे मी आवाज न चढवता, पण काकूंना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमची पानं का जळलीत?"

ती उन्हानंच जळली होती. हे संशोधनात कसं बसवायचं ते मला सुचलं नाही.

टोमॅटोचा नखरा आणखी वेगळा. झाड फुलांनी लगडलं म्हणून मी घरात जाहीर केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून फुलं गळायला लागली. पारा ३५ अंशांच्या वर राहिला आणि रात्रही उबट गेली की टोमॅटोचे परागकण निकामी होतात आणि फूल फळ न धरताच देठापासून सुटतं. जी दोन फळं धरली त्यांच्या बुडाला काळे डाग. ते म्हणे पाणी कधी फार, कधी अजिबात नाही असं मिळाल्यानं. त्यात फळाला कॅल्शियम पोचत नाही. आता पाणी मी नेमानं सकाळीच घालत होतो, अनियमितपणा सगळा वरून चालला होता. पण डाग माझ्या टोमॅटोला.

सावलीसाठी मी चार काठ्या रोवून जुनी चादर बांधली. चार वाजता वावटळ आली आणि चादर काकांच्या अंगणात उतरली. त्यांच्या टोमॅटोवर. तिथे ती इतकी व्यवस्थित बसली की काका म्हणाले, राहू द्या आता.

गारांचा दिवस मात्र वेगळा होता, कारण त्या दिवशी सगळं सुरळीत चाललं होतं. फोन म्हणत होता शून्य टक्के. गुडघा गप्प. आभाळात औषधालाही ढग नाही. गादी कोरडी, वारा मंद, मोगऱ्याला चक्क सात कळ्या. मी खुर्चीत बसलो. पूर्ण टेकून बसलो. पुस्तकाची दोन पानं झाली. मग चहा आणायला आत गेलो.

उकळी येता येता बाहेर अंधारून आलं. मला वाटलं चष्म्याला वाफ धरली. तेवढ्यात छपरावर कुणीतरी गोट्यांची पिशवी उपडी केल्यासारखा आवाज. मी छत्री उचलली आणि धावलो. बागेत जाऊन छत्री उघडली ती टोमॅटोवर. दुसऱ्या हातानं एक पातेलं मिरचीवर धरलं. डोक्यावर धरायला काही उरलं नव्हतं. गारा बोराएवढ्या होत्या. रस्त्यावर उड्या मारताना मोठ्या गोड दिसत असतील, टाळूवर नाही. कुंपणापलीकडे काका तशाच अवस्थेत उभे होते, त्यांच्या हातात माझी चादर ताणलेली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या शेजारात आम्हांला एकमेकांबद्दल एवढी आपुलकी कधीच वाटली नव्हती.

"गुडघा काय म्हणतोय?" मी ओरडलो.

"आता ठणकतोय!" काका ओरडले.

दारात बायको उभी. "लग्नाच्या दिवशी पाऊस आला होता," ती म्हणाली, "तेव्हा छत्री कुणावर धरली होतीत, आठवतंय?" आठवत होतं. बुटांच्या खोक्यावर. पण पातेलं पडू न देता उत्तर द्यायचं म्हणजे कठीण.

सात-आठ मिनिटांत सगळं थांबलं. लगेच ऊन. भोपळ्याच्या पानांची चाळणी झाली होती. मोगऱ्याच्या सातही कळ्या खाली. टोमॅटो वाचला, फक्त छत्रीची एक काडी त्याच्यात घुसून त्याची मुख्य फांदी मोडली होती. मिरचीला काहीही झालं नव्हतं. मिरचीला कधीच काही होत नाही. खुर्चीवरच्या गादीत गारा साठून राहिल्या होत्या; मुलीनं त्यातली एक कापून आतली कडी दाखवली. गार ढगात जशी वाढत जाते तसे बर्फाचे थर तिच्यावर चढतात, हे तिनं मला समजावून सांगितलं. मी थंडपणे ऐकलं. दुसऱ्या कुठल्या प्रकारे ऐकण्याची सोयच नव्हती.

आज सकाळी लवकर जाग आली. बाहेर गेलो. हवा गार, माती ओली, जळक्या आणि फाटक्या पानांच्या मधोमध काकडीच्या वेलाला तीन पिवळी फुलं. मिरचीला नव्या कळ्या. गादी कालपासून कपड्यांच्या दोरीवर होती, ती आश्चर्यकारकरीत्या वाळलेली. ती खुर्चीवर ठेवली आणि बसलो. बायको दोन कप घेऊन बाहेरच आली, म्हणजे मला आत जायचं कारण उरलं नाही. ही युक्ती लॉरेन्झना कुणी सांगायला हवी होती. ती बाजूच्या उपड्या कुंडीवर बसली. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. काकांच्या अंगणातून झारीचा आवाज येत होता. पाव तास झाला. माझ्या आठवणीत हा विक्रम आहे.

मग ते आलं. काळं-पिवळं. लिंबावर एक फेरी मारली, तिथे आता खाण्याजोगं काही उरलेलं नाही हे बघितलं, आणि माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसलं. पंख मिटलेले.

"हलू नकोस," मी पुटपुटलो.

"का?"

"त्याला पंख हलवू द्यायचे नाहीत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी श्वास रोखून धरला. उन्हाची तिरीप सरकत सरकत खुर्चीच्या हातावर आली. फुलपाखरानं पंख सावकाश उघडले, मिटले, पुन्हा उघडले. दोनदा. मी मोजलं.

कप खाली ठेवला, उठलो आणि गादी आत नेली.