एकवीस पूर्ण

अमेरिकेत दारू प्यायला एकवीस पूर्ण लागतात. माझं वय एकवीसच्या पुढे आहे, ही गोष्ट शिकागोच्या क्लार्क स्ट्रीटवरच्या एका बारला अजून मान्य नाही. बायकोला मान्य आहे, गुडघ्यांना मान्य आहे, दरवर्षी माझं कोलेस्टेरॉल बघून मान हलवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना तर फारच मान्य आहे. पण परवाच्या शनिवारी भर दुपारी, रस्त्यात, दोनेकशे माणसांसमोर माझ्याकडे वयाचा पुरावा मागितला गेला आणि तो नाकारला गेला. 

आम्ही पाच जण सांगलीच्या एका हॉस्टेलवरचे, आता ओहायो, मिशिगन, इंडियाना असे विखुरलेले. दुपारी बेसबॉलची मॅच आणि रात्री 'जरा शहर बघू' एवढा साधा बेत. तो ठरवायला आम्हाला जितके मेसेज लागले, तितक्यात लोकांची लग्नं जमतात. एकाच्या मुलाची पोहण्याची स्पर्धा, एकाची सासू भारतातून आलेली आणि एकाचा शनिवार. त्याचा शनिवार म्हणजे मांसाहार बंद. बिअर मात्र मारुतीला चालते, असं त्याच्या घराण्याचं जुनं मत आहे.

शेवटी जो हॉस्टेलात मेसचा सेक्रेटरी होता, आणि मनाने अजून आहे, त्याने एक्सेल शीट केली. वेळ, ठिकाण, अंदाजे खर्च, पाऊस आल्यास पर्याय. डीप डिश पिझ्झा भाजायला पाऊण तास लागतो म्हणून त्याचीही वेगळी ओळ. आणि खाली, ठळक अक्षरांत: 'नाइटलाइफ, 5.30 ते उशिरा.' उशिरा म्हणजे किती, ते कोणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर साडेदहा असं उत्तर निघालं असतं, आणि ते लेखी नको होतं.

शीटमध्ये मॅचला चार तास दिले होते. पण 2023पासून बेसबॉलमध्ये घड्याळ आलंय. बेसवर कोणी नसेल तर पिचरने 15 सेकंदांच्या आत चेंडू टाकायचाच. तीन तासांच्या वर रेंगाळणाऱ्या मॅचेस त्यामुळे सरासरी दोन तास चाळीस मिनिटांवर आल्या. हे सेक्रेटरीच्या कानावर गेलं नव्हतं. 1.20ला सुरू झालेली मॅच चारला आटोपली.

मॅचबद्दल माझी तक्रार नाही. रिग्ली फील्ड हे मैदान 1914 सालचं आणि तिथे दिवे आले 1988मध्ये, त्यामुळे दुपारच्या मॅचची सवय त्या गावाला अजून आहे. आमच्या नाकांचे शेंडे सोलून निघाले, ते असो. आउटफिल्डच्या विटांच्या भिंतीवर 1937मध्ये लावलेली वेल आहे. तिच्यात चेंडू अडकला की फील्डर दोन्ही हात वर करून उभा राहतो आणि बॅटरला दोन बेस बहाल होतात. आमच्या गल्लीत कुंपणात चेंडू गेला की आउट असायचा, शिवाय काढायलाही आपणच जायचं. त्याहून अजब म्हणजे, पाहुण्या टीमचा होमरन, म्हणजे थेट प्रेक्षकांत मारलेला चेंडू, आमच्या पुढे तीन बाकांवर येऊन पडला. ज्याला मिळाला त्याने तो एकदा डोळे भरून पाहिला आणि सगळे ओरडायला लागल्यावर सरळ मैदानात परत फेकून दिला. तिथे तशीच रीत आहे. परक्यांचा होमरन ठेवून घ्यायचा नाही. 

कब्स, म्हणजे तिथली घरची टीम, वर्ल्ड सिरीजचं विजेतेपद 1908मध्ये जिंकले आणि त्यानंतर थेट 2016मध्ये. मधे 108 वर्षं. बेसबॉलच्या चेंडूवर दुहेरी टाकेही 108च असतात. जपमाळेत मणी किती, असं मी शनिवारवाल्याला सहज विचारलं, तर त्याने बिअरचा ग्लास खाली ठेवून हात जोडले.

त्या दिवशी कब्स हरले. स्कोअरबोर्डवर पांढऱ्या एलचा निळा झेंडा चढला, एल म्हणजे लॉस, हार. आगगाडीने जाणाऱ्यांना खिडकीतून निकाल कळावा म्हणून ही सोय. आम्ही मात्र आगगाडीकडे न जाता, चार वाजून दहा मिनिटांनी, नाइटलाइफ करायला निघालो.

बारच्या दारात उंच स्टुलावर एक धिप्पाड तरुण बसला होता. काळा टी-शर्ट, कमरेला कार्ड वाचायचं यंत्र, हातात छोटी टॉर्च. असेल पंचविशीचा. मी पदवी घेऊन सांगली सोडली तेव्हा हा नुकता रांगत असेल.

"आयडी, सर."

मला गुदगुल्या झाल्या. मी टोपी काढून त्याला डोकं दाखवलं. मित्र हसले, रांगेतल्या दोन मुली हसल्या. तो हसला नाही.

मी कागद दिला. माझं लायसन्स नूतनीकरणात आहे, त्यामुळे आमच्या राज्याने तात्पुरता कागद दिलाय आणि कार्ड पोस्टाने येणार आहे. त्याने लख्ख उन्हात त्यावर टॉर्च मारली.

"हा कागद आहे."

"हो. सरकारनेच दिलाय."

"यावर फोटो नाही."

मी जुनं कार्ड काढलं. ते त्याने यंत्रात घातलं. यंत्र नाराजीने किरकिरलं.

"हे एक्स्पायर झालंय, सर."

"लायसन्स झालंय. माझा जन्म एक्स्पायर झालेला नाही."

हे वाक्य मला त्या क्षणी फार आवडलं होतं. त्याने ते ऐकून घेतलं, जसं रोज कोणी ना कोणी त्याला ऐकवत असेल.

आता मित्रांना जोर चढला. सासूवाला म्हणाला, "अहो, त्याची दाढी बघा ना, पांढरी आहे." दारवाला म्हणाला, "लोक रंगवतात."

"पांढरी? कोण पांढरी रंगवतं?"

"सर, या गावात दरवर्षी नदी हिरवी रंगवतात."

यावर काय बोलणार? सेंट पॅट्रिक डेच्या निमित्ताने खरंच रंगवतात, 1962पासून.

मग मी, आता विचारू नका का, पाकिटातून आधार कार्ड काढलं. पासपोर्ट खिशात घालून बारमध्ये जाणारी माणसं मला तरी संशयास्पद वाटतात, तेव्हा तो घरी होता. त्याने आधार उलटसुलट केलं, तीन सिंहांवर टॉर्च मारली, "नाइस लायन्स" म्हणाला. मग जन्मतारखेशी येऊन थांबला. जुनं लायसन्स दुसऱ्या हातात घेतलं. एकदा हे, एकदा ते.

"सर, तुमचा वाढदिवस कधी असतो?"

"चार नोव्हेंबर."

"या लायसन्सवर नोव्हेंबर आहे. पण या सिंहवाल्या कार्डावर एप्रिल आहे. अकरा एप्रिल."

"तो एप्रिल नाही. आमच्याकडे दिवस आधी लिहितात, महिना नंतर."

"म्हणजे चार हा दिवस?"

"हो."

"आणि इथे चार हा एप्रिल."

"इथेही दिवसच आहे! चार-अकरा-अठ्ठ्याहत्तर. आणि समजा नसला, समजा एप्रिल असला, तरी फार तर सात महिन्यांचा फरक पडतो. अठ्ठ्याहत्तर साल दोन्हीकडे आहे!"

तो स्टुलावरून खाली उतरला. मला वाटलं, पटलं. तो माझ्या कानाशी वाकून, खरंच आपुलकीने म्हणाला, "सर, मला तुमच्या वयाची शंका नाही. मला एवढंच दिसतंय की तुमच्याकडे दोन वाढदिवस आहेत, आणि एकही चालू कार्ड नाही."

मागून एक बावीस वर्षांचं पोरगं पुढे आलं. कार्ड दिलं, यंत्राने गोड आवाज केला, पोरगं आत. त्याच्यामागची मुलगी जाता जाता म्हणाली, "मी सांगते ना, हे माझ्या बाबांपेक्षा मोठे आहेत." मदतच करत होती बिचारी. 

"मला माहितीय," दारवाला म्हणाला. "पण मला माहीत असून चालत नाही. यंत्राला माहीत पाहिजे."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं, आणि मी नेलंही. पण ते लायसन्स एक्स्पायर का झालं होतं? मी विसरलो म्हणून नव्हे. व्हिसाच्या मुदतीला बांधलेलं असतं म्हणून. व्हिसा मिळतो तीन-तीन वर्षांचा. मुदतवाढीचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर पडून राहतो, तोवर लायसन्सही लटकतं. मग काउंटरवरची बाई तोच गठ्ठा तिसऱ्यांदा चाळते आणि म्हणते, सिस्टीममध्ये तुम्ही दिसत नाही. घराचे हप्ते सिस्टीममध्ये दिसतात. टॅक्स दिसतो, तो कापताना कोणी टॉर्च मारत नाही. ग्रीन कार्ड झालं की हे सगळं सुटतं म्हणतात. पण नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांना दरवर्षी कुठल्याही एका देशासाठी सात टक्क्यांची मर्यादा आहे, मग तो देश आइसलँड असो की भारत. माझा नंबर त्या रांगेत कुठे आहे ते बघणं मी बंद केलंय. कब्सच्या लोकांबद्दल मला आदर आहे, पण 108 वर्षं थांबताना त्यांना निदान दर तीन वर्षांनी चाहते असल्याचा अर्ज भरावा लागत नव्हता.

मित्र म्हणाले, "आपण दुसरीकडे जाऊ." सेक्रेटरीने शीट उघडली आणि म्हणाला की दुसरीकडचं काही लिहिलेलं नाही, पर्याय फक्त पावसासाठी आहेत. पाऊस नव्हता. मग शनिवारवाला म्हणाला, "एक-एक घेऊन लगेच येतो रे." चौघे आत गेले. यंत्राने चार वेळा गोड आवाज केला.

मी समोरच्या फुटपाथवर कब्सच्या टोप्या विकणाऱ्याशेजारी उभा राहिलो. त्याने मला काही विचारलं नाही, एक टोपी मात्र विकली. तीस डॉलर. दारवाल्याने मधूनच हात केला. मीही केला, संस्कार म्हणून. त्यांचं 'लगेच' सव्वासहाला संपलं.

रविवारी रात्री स्प्लिटवाइज या खर्च वाटून घ्यायच्या अ‍ॅपवर हिशेब आला. बारचं बिल पाचांत भागलेलं. मी सेक्रेटरीला फोन लावला.

"अरे, मी आत नव्हतो."

"तुझी खुर्ची होती. शेवटपर्यंत धरून ठेवली. दोन वेळा भांडलो तिच्यासाठी."

"आणि नाचोज?"

"तू असतास तर खाल्लेच असतेस की."

नाचोजवर खिमा होता म्हणून शनिवारवाल्याला त्यातून वगळलंय, हेही त्याने सांगितलं. त्याचं कारण धार्मिक, ते मेसमध्येही चालायचं. माझं कारण सरकारी आहे, ते धरता येणार नाही म्हणे.