बा टॉमकॅटा, म्हाराजा!

हरतालिकेच्या दिवशी देवगडजवळच्या आमच्या घरात सत्तावीस माणसं होती आणि न्हाणीघर एक. माझ्या सर्व्हरवर अकरा ॲप्लिकेशन्स होती आणि त्यांना चालवणारा टॉमकॅट (जावा भाषेतली वेब ॲप्लिकेशन्स चालवणारा प्रोग्राम) एक. दोन्हीकडे एकाच सकाळी तुंबलं.

रेंज फक्त खळ्याच्या टोकाला, फणसाखाली. तिथे खुर्चीवर लॅपटॉप मांडून मी लॉग चाळत बसलो. होमस्टेचं बुकिंग ठप्प, पतपेढीचं पासबुक ठप्प. आंब्याच्या पेट्यांचा सीझन संपून तीन महिने झालेले, तरी तेही ठप्प.

टॉमकॅटला मुळात दोनशे थ्रेड, म्हणजे एकेक विनंती हाताळणारे गडी, मिळतात, आणि आमच्याकडे ते सगळ्यांत सामायिक. होमस्टेवाला पैशांसाठी ज्या बाहेरच्या सेवेला विचारायचा ती उत्तरच देईना, आणि टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मुदत, लावायचं कोणाला सुचलेलं नव्हतं. (कोणाला म्हणजे मला.) एकेक थ्रेड तिथे जाऊन उभा राहिला तो राहिलाच. इकडे पुण्याचा भाचा न्हाणीघराला आतून कडी लावून अर्धा तास बसलेला, बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून नऊजण, आणि काकू ओरडतेय, "बंब इझलो रे!"

दहा सेकंदांचा टाइमआउट टाकला. भाच्याला मात्र दार बडवूनच बाहेर काढावं लागलं.

दुपारी सर्व्हर पुन्हा आडवा. यावेळी मेटास्पेस, म्हणजे क्लासेसची (प्रोग्रामच्या साच्यांची) माहिती ठेवायची मेमरी, संपलेली. २०१४ साली जावा ८ आलं तेव्हा पर्मजेनची जुनी कोठी मोडून ही बांधली. तिला मर्यादा आपण घातली तरच असते, आणि मी शहाणपणाने घातली होती. पण भरली कशाने?

भुतांनी. सर्व्हर बंद न करता नवी वॉर फाईल (ॲप्लिकेशनचं गाठोडं) टाकली की जुनी आवृत्ती गेली असं आपण समजतो. तिने सुरू केलेला एखादा टायमर मागे राहतो. तो आपल्या क्लासलोडरला (क्लासेस मेमरीत आणणाऱ्याला) धरून बसतो, क्लासलोडर आपल्या यच्चयावत क्लासेसना. एका अपुऱ्या इच्छेपायी अख्खा मुंजा पिंपळावर! सोमवारपासून मी सोळा वेळा वॉर टाकली होती. मोजा मुंजे.

आणि टॉमकॅट हे सगळं सांगत होता हो. या ॲप्लिकेशनने अमुक नावाचा थ्रेड सुरू केला, पण थांबवला नाही, असं लॉगमध्ये दर वेळी लिहीत होता. देवळात कौल लागला तर आम्ही नीट ऐकतो. वॉर्निंग कोण वाचतो?

संध्याकाळी काकाने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "बा टॉमकॅटा म्हाराजा! जेच्या हातसून थ्रेड सुरू रवलो असात, तेका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सत्तावीस तोंडं. उपाशी बायकांचा आवाज जास्त मोठा.

"आणि जो कोण सिस्टिम एक्झिट मारून अख्खा घर झोपयता, तेचो बंदोबस्त कर रे म्हाराजा!" हे त्याला मीच सकाळी वैतागून सांगितलेलं. सिस्टिम एक्झिट म्हणजे जेव्हीएमच, जिच्यात जावाचं सगळं चालतं तीच, बंद करायचा हुकूम; एका ॲप्लिकेशनने तो मारला की त्याच जेव्हीएममधली बाकीची दहाही जातात.

काकू म्हणाली, "मेल्या, इतकी धुसफूस हा तर वायली चूल मांड."

रात्री मांडली. इन्स्टॉलेशन एकच, पण तीन टॉमकॅट, प्रत्येकाचं दार, म्हणजे पोर्ट, वेगळं: ८०८०, ८०८१, ८०८२. दुसरा सुरू व्हायचा आणि उंबऱ्यातूनच परत फिरायचा. तासाभराने दिसलं, बंद व्हायचा हुकूम ऐकायचं पोर्ट तिघांनाही ८००५च ठेवलेलं. तेही वेगळं केलं. होमस्टेवाल्याला एकटा एका चुलीवर बसवला, टायमर थांबवायचा कोड लिहिला आणि पुन्हा वॉर टाकून बघितली. पिंपळ रिकामा.

आता तीन चुली म्हणजे तीन हीप (चालू कामाची मेमरी), तीन मेटास्पेस. आठ जीबीत भागेना. साहेबांना सोळा जीबीची मागणी पाठवली. चतुर्थीला सकाळी, मूर्ती पाटावर ठेवायच्या वेळी, फोन वाजला.

"खर्च वाढतोय हो," साहेब म्हणाले. "पूर्वीसारखं सगळ्यांना एकत्र नाही का ठेवता येणार?"

फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातल्या साताही जणींच्या हातातले मोदक थांबले.